आच्छादन : जुन्नर-आंबेगावच्या शेतीतील एक शब्द व त्याचा इतिहास

‘आच्छादन’ हा शब्द संस्कृत ‘छद्’ धातूपासून सिद्ध झाला आहे. ‘छत्र’ हा शब्दही त्याच धातूचा. झाकणे आणि रक्षण करणे हे दोन्ही अर्थ या धातूत एकवटले आहेत. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील शेतीचा इतिहास पाहता या दोन अर्थांचे परस्परांशी असलेले नाते काळानुसार पालटत गेले, असे दिसून येते.

या तालुक्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या माथ्यालगतचा. तेथील महादेव कोळी व इतर शेतकऱ्यांची भातशेती राबावर उभी राहिली. शेण, झाडांच्या डहाळ्या, पालापाचोळा व गवत यांचे थर जमिनीवर पसरून, वर माती टाकून, पावसाळ्यापूर्वी ते भाजीत आणि त्या जागी भाताचे बी पेरीत. हे आच्छादन रोपांवरचे नव्हे, तर रोपांच्या भूमीचे होय. तणाचे बी जळावे व कोवळ्या रोपास राखेचे पोषण मिळावे, हा त्याचा हेतू.

या पद्धतीस लागणारा पदार्थ डोंगरातून येई. त्यामुळे आच्छादनाचा प्रश्न वनाच्या मालकीशी जोडला गेला. जुन्नरजवळील हिवरे येथील सरकारी बागेची देखरेख करणारे डॉ. अलेक्झांडर गिब्सन हेच १८४७ साली मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले, हा योगायोग लक्षणीय आहे. १८७८ च्या वन कायद्याने राखीव व संरक्षित वने ठरविली गेली आणि डहाळ्या तोडण्यावर निर्बंध आले. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील तक्रारींमुळे १८८५ साली नेमलेल्या वन आयोगापुढे राब हा एक प्रमुख विषय होता. रोप झाकण्याचे साधन कोणाच्या हाती असावे, हाच या वादाचा गाभा होय.

पूर्वेकडील सपाट प्रदेशात हा प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे तेथे बारमाही भाजीपाला होऊ लागला व नारायणगाव टोमॅटोची मोठी बाजारपेठ बनली. या पाण्याची किंमत पश्चिमेने मोजली. घोड नदीवरील डिंभे धरणात जुने आंबेगाव बुडाले, आणि तालुक्यास नाव देणारे गाव केवळ नावात उरले.

प्लॅस्टिकच्या आच्छादनाचा उगम दूरचा आहे. अमेरिकेतील केंटकी विद्यापीठात एमर्ट यांनी १९४८ साली काचेऐवजी प्लॅस्टिकचा पडदा वापरून हरितगृह उभारले. भारतात शेतीतील प्लॅस्टिकच्या वापरासाठी १९८१ साली राष्ट्रीय समिती स्थापन झाली. पुढे गादीवाफ्यावर वरून रुपेरी व खालून काळा असा ‘मल्चिंग पेपर’ आला. काळी बाजू तण रोखते. रुपेरी बाजूवरून परावर्तित होणारा प्रकाश मावा व पांढरी माशी यांना काहीसा दूर ठेवतो. वस्तू प्लॅस्टिकची असूनही तिला ‘पेपर’ म्हणतात. नव्या वस्तूस ओळखीचे नाव देण्याची भाषेची रीत येथे स्पष्ट होते.

‘क्रॉप कव्हर’ मात्र रोपासच झाकते. कमानींवर ताणलेले हे विणल्यावाचून बनविलेले कापड दर चौरस मीटरला सुमारे १७ ते २० ग्रॅम वजनाचे असते. प्रकाश व हवा आत जातात. विषाणू वाहणारे कीटक बाहेर राहतात. परंतु मधमाशीही बाहेरच राहते; म्हणून कलिंगड, खरबूज यांसारख्या पिकांवरून फुलोऱ्याच्या वेळी ते काढावे लागते. रक्षणाची ही मर्यादा त्या साधनातच अंतर्भूत आहे.

या रक्षणाचे मोल २०२० साली प्रत्ययास आले. त्या वर्षी उन्हाळी टोमॅटोची फळे ठिकठिकाणी पिवळी पडून वाया गेली. शेतकऱ्यांनी त्या रोगास ‘तिरंगा’ असे नाव दिले. तपासणीत काकडीवरील मोझॅक विषाणू आढळला. हा विषाणू मावा पसरवितो. रोप लहान असताना माव्यास दूर ठेवणे हाच त्यावरील शहाणपणाचा मार्ग, कारण लागण झाल्यावर औषध उरत नाही.

सारांश, पूर्वी आच्छादनाचा शत्रू तण होता, आता कीटक आहे. पूर्वीचे आच्छादन जळून राख होई व मातीत मिळे. आजचे आच्छादन विकत घ्यावे लागते आणि हंगामानंतर त्याचे तुकडे मातीतच राहतात. डहाळीसाठी वनखात्याकडे पाहावे लागे, आज कापडासाठी बाजाराकडे. शब्द तोच राहिला. पण रोपावर छत्र धरणारा हात पूर्णतः शेतकऱ्याचा तेव्हाही नव्हता, आजही नाही.