टोर्नेडो

टोर्नेडो : गडगडाटी ढगाच्या तळापासून जमिनीला टेकलेला, अतिवेगाने फिरणारा हवेचा स्तंभ. मराठी पर्याय घूर्णवाती वादळ. बातम्यांत त्याला सर्रास ‘चक्रीवादळ’ म्हटले जाते, ते चूक आहे. चक्रीवादळ समुद्रावर जन्मते, शेकडो किलोमीटर पसरते आणि त्याची चाहूल काही दिवस आधी लागते. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर आदळण्यापूर्वी हजारो लोकांना हलवता आले, ते यामुळेच. टोर्नेडो बहुधा काहीशे मीटर रुंद असतो आणि त्याचे आयुष्य मिनिटांत मोजावे लागते. चैत्र-वैशाखात माळरानावर उठणारी वावटळही वेगळी. ती तापलेल्या जमिनीवरून वर चढते, तिला ढग लागत नाही.

सर्वाधिक टोर्नेडो अमेरिकेत होतात, वर्षाला सुमारे १,२००. मेक्सिकोच्या आखाताकडून येणारी उबदार, दमट हवा आणि पश्चिमेकडून येणारी कोरडी हवा तेथील मैदानांवर एकमेकींना भिडतात. उंचीगणिक वाऱ्याची दिशा आणि वेग बदलत असेल, तर हवेला आडवा पीळ पडतो. वर चढणारा झोत हा पीळ उभा करतो आणि सगळा ढगच फिरू लागतो. अशा फिरत्या ढगांपैकी थोड्यांतूनच टोर्नेडो उतरतो. नेमका कोणत्या, याचे पुरते उत्तर विज्ञानाला अजून मिळालेले नाही. भारतीय उपखंडात गंगेच्या मुखाकडील प्रदेश धोक्याचा. २६ एप्रिल १९८९ रोजी बांगलादेशातील दौलतपूर-सटुरिया भागात सुमारे १,३०० माणसे मेली. दिल्लीतही १७ मार्च १९७८ रोजी टोर्नेडो झाला होता.

तीव्रता ठरते ती मागे उरलेल्या पडझडीवरून. तेत्सुया फुजिता यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या श्रेणीची सुधारित आवृत्ती अमेरिकेत २००७ पासून वापरात आहे. तिच्या शेवटच्या, पाचव्या पायरीवर वाऱ्याचा वेग ताशी ३२० किलोमीटरच्या पुढे असतो. मिसुरी राज्यातील जॉपलिन शहरावर २२ मे २०११ रोजी या पायरीचा टोर्नेडो आला. झाडांच्या साली सोलून निघाल्या. एका इमारतीच्या बाहेरच्या भिंतीत खुर्ची पायांकडून रुतून बसली.

जॉपलिनचा खरा धडा मात्र घड्याळात आहे. पहिला भोंगा संध्याकाळी ५ वाजून ११ मिनिटांनी झाला, टोर्नेडो जमिनीला टेकला ५ वाजून ३४ मिनिटांच्या सुमारास. मधली वीसेक मिनिटे जीव वाचवायला पुरेशी होती. पण भोंगे नेहमीच वाजतात म्हणून बहुतेकांनी आधी खात्री करायचे ठरवले: कोणी टीव्ही लावला, कोणी आकाश पाहायला बाहेर आले. दीडशेहून अधिक लोक दगावले.

इशारा ऐकताच तळघरात जावे. तळघर नसेल, तर सर्वांत खालच्या मजल्यावरची आतली, बिनखिडकीची खोली गाठावी, न्हाणीघरही चालते. डोक्यावर हेल्मेट, अंगावर गादी घ्यावी, कारण माणसे मरतात ती मुख्यतः उडत्या वस्तूंच्या माऱ्याने. पायांत बूट हवेत. नंतर काचा-खिळ्यांतून चालावे लागते. हवेचा दाब समान व्हावा म्हणून खिडक्या उघडण्याची जुनी समजूत निराधार आहे, त्यात मोलाचे क्षण जातात. चाकांवरची हलकी घरे सोडून जवळच्या पक्क्या इमारतीत जावे. पुलाखाली थांबणे सर्वांत घातक. त्या अरुंद जागेत वारा आणखी जोर धरतो. ३ मे १९९९ रोजी ओक्लाहोमात पुलांखाली आसरा घेतलेले तिघे मेले.

अमेरिकेत ‘वॉच’ म्हणजे टोर्नेडोला पोषक हवामान, तर ‘वॉर्निंग’ म्हणजे तो दिसला किंवा रडारवर त्याची खूण सापडली. डॅलस, ओक्लाहोमा, कॅन्सस या पट्ट्यात राहायला गेलेल्या मराठी कुटुंबांनी पहिल्याच आठवड्यात घरातली ती एक खोली ठरवून ठेवावी आणि मुलांनाही दाखवावी.