जहाज गाठण्याचे शास्त्र

शिकण्यासाठी बोटीने परदेशी जाणे आपल्याला नवे नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून बोटीत बसल्या त्या डॉक्टर होण्यासाठी, आणि १८८८ साली मोहनदास गांधी मुंबईहून निघाले ते बॅरिस्टर होण्यासाठी. दोघांच्याही बाबतीत बोट हे साधन होते, कॉलेज पैलतीरावर होते. ‘सेमिस्टर ॲट सी’ या अमेरिकी उपक्रमात बोट हेच कॉलेज आहे. सुमारे साडेतीन महिने वर्ग जहाजावर भरतात आणि बंदरे लागतील तसा जमिनीवरचा अभ्यास होतो. कॉलेजपर्यंत पोहोचायला मात्र विमान, रेल्वे, टॅक्सी असे सगळे करावे लागते, आणि ठरल्या तासाला हे कॉलेज धक्का सोडून निघून जाते. या पोहोचण्याच्या प्रवासाकडे विद्यार्थी आणि पालक ‘तिकीट काढले की झाले’ अशा नजरेने पाहतात. प्रत्यक्षात साऱ्या सत्रातला सर्वांत नाजूक भाग तोच असतो, आणि त्याचा हिशेब घरापासून पुढे न करता जहाज सुटण्याच्या क्षणापासून मागे करावा लागतो.

कल्पना शंभर वर्षांची आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स लॉफ यांनी १९२६ साली ‘रिन्डम’ या डच जहाजावरून सुमारे पाचशे विद्यार्थी जगप्रदक्षिणेला नेले. विद्यार्थ्यांच्या उनाडक्यांच्या बातम्यांनी तो प्रयोग बदनाम झाला आणि लॉफ यांची नोकरी गेली. १९६३ साली कल्पना नव्याने रुजली. हाँगकाँगचे जहाजमालक सी. वाय. तुंग यांनी तर ‘क्वीन एलिझाबेथ’ हे प्रचंड जहाजच या तरंगत्या विद्यापीठासाठी विकत घेतले. जानेवारी १९७२ मध्ये डागडुजी चालू असताना ते हाँगकाँग बंदरात जळाले. सध्याचे ‘वर्ल्ड ओडिसी’ १९९८ मध्ये जर्मनीतील कील येथे ‘डॉइचलँड’ या नावाने बांधलेले, १७५ मीटर लांबीचे. २०१५ पासून ते या कामाला आहे आणि २०१६ पासून शैक्षणिक जबाबदारी कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीकडे आली.

आता मूळ प्रश्न. जहाज थांबत का नाही? आपल्या मनात ‘हात दाखवा, एस.टी. थांबवा’ खोल रुजलेले असते. सहाशे विद्यार्थ्यांसाठी जहाज उभे आहे, तर एकासाठी अर्धा तास थांबायला काय हरकत, असे वाटणे साहजिक आहे. पण सुटण्याची वेळ एकट्या कॅप्टनच्या हातात नसते. हॅम्बुर्गचेच उदाहरण घ्या. या उपक्रमाच्या काही सफरी तिथून सुटल्या आहेत. हे बंदर समुद्रावर नाही. खुला समुद्र गाठायला एल्ब नदीतून शंभराहून अधिक किलोमीटर उतरावे लागते. त्यासाठी नदीचा पायलट ठरल्या वेळी जहाजावर चढतो. मोठ्या मालजहाजांना भरती साधायची असते, त्यामुळे नदीतल्या वाहतुकीत प्रत्येकाची पाळी आखलेली असते. ॲमस्टरडॅमहून निघायचे तर कालव्यातून आयमाउडेनच्या लॉकमध्ये शिरून, पाण्याची पातळी जुळवून मगच बाहेर पडता येते. लॉकची पाळी चुकली की पुढची मिळेपर्यंत तिष्ठावे लागते.

दुसरे कारण कायद्याचे. प्रवासी जहाज निघण्यापूर्वी त्यावरची माणसे मोजलेली असली पाहिजेत, असा समुद्रसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय कराराचा, म्हणजे ‘सोलास’चा नियम आहे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ माणसे गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची आपत्कालीन कवायत तोवर झालेलीच नव्हती. पूर्वी ती चोवीस तासांत केली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून ती निघण्यापूर्वी किंवा निघताक्षणी व्हावी लागते. म्हणून चढण्याची मुदत ही जहाज सुटण्याची वेळ नसते; ती कित्येक तास अलीकडे असते. वेळापत्रकातला संध्याकाळचा आकडा पाहून दुपारच्या विमानाचे तिकीट काढणारा विद्यार्थी इथेच फसतो.

विमान चुकले तर दुसरे असते. कंपनी कुरकुरत का होईना, पुढच्या उड्डाणात बसवते. समुद्राकडे अशी दुसरी फेरी नाही. एका बाजूला अनेक संधी असलेले आणि वरचेवर उशीर करणारे वेळापत्रक, दुसऱ्या बाजूला एकच संधी असलेले आणि उशीर न खपवणारे वेळापत्रक, अशी ही जोडणी आहे. तिची जोखीम कोणाच्या शिरावर, हा खरा प्रश्न.

शंभर वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर बरे होते. पी. अँड ओ. कंपनीच्या बोटीने हिंदुस्थानात येणारे कितीतरी लोक लंडनला बोटीत चढतच नसत. बोट पुढे जाई, बिस्केच्या उपसागरात हेलकावे खाई, आणि हे लोक मागाहून ‘बॉम्बे एक्स्प्रेस’ने फ्रान्स ओलांडून मार्सेयला ती गाठत. ही गाडी बोटीसाठीच आखलेली होती. मुंबईतही बॅलार्ड पिअरच्या धक्क्याला लागूनच रेल्वेचे स्थानक होते. बोटीतून उतरलेला माणूस तिथेच गाडीत बसे. फ्रंटियर मेलही काही काळ मोसमात तिथूनच सुटत असे. बोट आणि गाडी एकमेकींना ओळखत होत्या. आज विमान कंपनीला आपल्या प्रवाशाला पुढे जहाज गाठायचे आहे हे ठाऊकही नसते आणि जहाजाचा विमानाच्या उशिराशी संबंध नसतो. दोन्ही तिकिटे वेगळी, म्हणून मधली दरी संपूर्णपणे विद्यार्थ्याची. प्रवास स्वस्त झाला, पण जोखीम कंपन्यांच्या खांद्यावरून वीस वर्षांच्या पोरांच्या खांद्यावर गेली. मला हा सौदा फारसा चांगला वाटत नाही.

वेळेचा उपाय सोपा आहे: दोन रात्री आधी त्या शहरात पोहोचणे. एक रात्र विमानाच्या उशिरासाठी, दुसरी मागे राहिलेल्या बॅगेसाठी. बॅग बहुधा पुढच्या विमानाने येते, पण जहाज निघून गेल्यावर ती कुठे पाठवायची? आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या माँट्रियल करारानुसार २१ दिवसांत न आलेली बॅग हरवली असे धरता येते. तेवढ्या काळात विद्यार्थी दुसऱ्या खंडात असतो. तेव्हा पासपोर्ट, औषधे, चष्मा आणि दोन दिवसांचे कपडे खांद्यावरच्या पिशवीत असावेत. पत्ता लिहून घेतानाही नुसते ‘हॅम्बुर्ग बंदर’ पुरत नाही. तिथे आल्टोना, हाफेनसिटी आणि स्टाइनवेर्डर अशी प्रवासी जहाजांची वेगवेगळी टर्मिनले आहेत आणि स्टाइनवेर्डर नदीच्या पलीकडच्या काठावर आहे.

भारतीय पासपोर्टधारकापुढचा खरा पेच व्हिसाचा आहे आणि इथे अमेरिकी सहाध्यायाचा अनुभव काहीच कामाचा नाही. त्याला युरोपात नव्वद दिवस व्हिसाविना राहता येते, आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो. आता बारकावा पाहा. समजा, जहाज हॅम्बुर्गहून सुटते, स्पेनमध्ये पाच दिवस थांबते, मग मोरोक्कोला जाते आणि तिथून ग्रीसला येते. विद्यार्थी म्हणेल, विमान जर्मनीत उतरणार, तेव्हा अर्ज जर्मनीकडे. पण नियम असा की अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे करायचा. विमान कुठे उतरते यावर ते ठरत नाही. दोन रात्री हॅम्बुर्ग आणि पाच दिवस स्पेन असेल तर पारडे स्पेनकडे झुकते. दुसरे असे की मोरोक्कोला जाणे म्हणजे शेंगेन क्षेत्राबाहेर पडणे. एकाच प्रवेशाचा व्हिसा तिथेच संपतो आणि ग्रीसच्या धक्क्यावर सगळे उतरत असताना तुम्ही डेकवरून पाहत राहता. त्यामुळे अर्जात अनेक प्रवेश मागावे लागतात आणि त्यासाठी जहाजाचा संपूर्ण मार्ग, तारखांसह, जोडावा लागतो. विमानप्रवाशाला हे गणित क्वचितच पडते, कारण तो सीमा एकदाच ओलांडतो. जहाजी विद्यार्थ्याची सीमा दर चार-सहा दिवसांनी बदलते.

अमेरिकेतल्या विद्यापीठात एफ-१ व्हिसावर शिकणाऱ्या मराठी मुलामुलींची गोष्ट आणखी निराळी. त्यांना बाहेर पडायला अडचण नाही, परत शिरताना आहे. विद्यापीठाने दिलेल्या आय-२० या कागदावर प्रवासाची ताजी सही हवी, आणि पासपोर्टातला अमेरिकी व्हिसा सफर संपण्याच्या तारखेलाही जिवंत हवा. तो मधेच संपणार असेल, तर नव्या व्हिसाची मुलाखत कुठल्या बंदरात देणार? हा व्हिसा हाताशी असण्याचा एक फायदाही आहे. काही सफरी मेक्सिकोतील एन्सेनाडाहून सुरू झाल्या. वैध अमेरिकी व्हिसा असलेल्या भारतीयाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही.

पीतज्वराची लस हा मुद्दा छोटा दिसतो, पण त्याची पाळेमुळे दूरवर जातात. लस टोचल्यानंतर प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होते. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. म्हणजे निघण्याच्या आठवड्यात टोचलेली लस जहाजावर चढताना कागदोपत्री शून्य. भारताचे नियम याबाबतीत जगातल्या सर्वांत कडक नियमांपैकी आहेत आणि ते आपल्या नागरिकांनाही लागू आहेत. पीतज्वराच्या प्रदेशातल्या बंदराला गेल्या ३० दिवसांत लागलेल्या, डासनाशक फवारणी न झालेल्या जहाजातून येणाऱ्यालाही ते पकडतात. घाना आणि कोची हे दोन्ही थांबे या उपक्रमाच्या सफरींत अनेकदा आले आहेत. प्रमाणपत्र नसलेल्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. सातारचा मुलगा कोचीला येऊन आपल्याच देशात उतरू शकला नाही, तर त्यात कोचीचा दोष नसेल.

निरोप द्यायला हॅम्बुर्गपर्यंत जाण्याचा काही पालकांचा बेत असतो. बंदरसुरक्षेची आंतरराष्ट्रीय संहिता २००४ साली लागू झाल्यापासून प्रवाशाशिवाय कोणाला जहाजाजवळ सहसा जाऊ देत नाहीत. त्यापेक्षा कोचीला जाऊन भेटावे. मधल्या दोन महिन्यांत मूल बरेच बदललेले असते आणि खर्चही कमी येतो.

प्रवास शरीरालाही लागतो. हॅम्बुर्ग आणि मुंबई यांच्या घड्याळांत उन्हाळ्यात साडेतीन तासांचे अंतर, एन्सेनाडाशी साडेबारा तासांचे. झोप न झालेल्या माणसाला बोट लवकर लागते आणि पहिल्याच रात्री नॉर्थ सी किंवा पॅसिफिक सामोरा येतो. दोन रात्री आधी पोहोचण्याचे हे तिसरे कारण.

एवढे करूनही जहाज चुकले तर? पुढच्या बंदरात गाठणे हाच मार्ग, पण तो वाटतो तितका मोकळा नाही. त्या देशाचा व्हिसा हवा, विमानाचे ऐनवेळचे तिकीट हवे आणि जहाजाच्या प्रवासी यादीत नाव नव्याने घालून घ्यायला हवे. त्या बंदरात विमानाने शिरणारा एकटा माणूस आणि जहाजाबरोबर येणारा विद्यार्थी यांच्यासाठी कागद वेगळे असू शकतात. पुढे प्रत्येक बंदरात हीच शिस्त चालते: उशिरा परतणाऱ्याला पुढल्या बंदरात काही तास जहाजावर अडकवून ठेवतात, त्याला ‘डॉक टाइम’ म्हणतात.

आणि कधी चूक समुद्राचीही असते. जानेवारी २००५ मध्ये व्हँकुव्हरहून निघालेल्या या उपक्रमाच्या ‘एक्सप्लोरर’ जहाजावर उत्तर पॅसिफिकमध्ये सुमारे पन्नास फुटी लाट आदळली, ब्रिजची काच फुटली, इंजिने बंद पडली आणि आशियाची वाट सोडून जहाज होनोलुलूला न्यावे लागले. अशा वेळी पुढच्या बंदरात जहाज गाठायला निघालेल्याचे तिकीटही वाया जाते. म्हणून विम्यात वैद्यकीय खर्चाबरोबर ‘जोडणी चुकणे’ आणि ‘मार्ग बदलणे’ ही कलमे आहेत का, हे पॉलिसी घेतानाच वाचावे. ती नसलेली स्वस्त पॉलिसी या प्रवासाच्या कामाची नाही.

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात आणि किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो; परतीनंतर तीन महिने चालेल इतकी मुदत पासपोर्टला हवी. ज्यांच्या घरात अशा सफरीचा विचार चालू आहे त्यांनी विमानाचे भाव नंतर पाहावेत. आधी जहाज सुटण्याची तारीख कागदावर लिहून तिथून मागे मोजत यावे, आणि पहिल्याप्रथम कपाटातला पासपोर्ट काढून त्यावरची शेवटची तारीख वाचावी.