तळटीप : ‘रामदास’ कलंडली

* भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही प्रवासी बोट १७ जुलै १९४७ रोजी काशाच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून अधिक माणसे गेली. गटारीसाठी गावी निघालेले चाकरमानी त्यांत बरेच होते. मूळ लेखाचा लेखक सगळा दोष लाटेला देतो, ते तितकेसे पटत नाही. बोट लाटेने कलते, हे रोजचेच. कलल्यावर ज्या अंगाचा भाग पाण्यात जास्त जातो, तिथे पाण्याचा वर ढकलणारा जोर वाढतो आणि बोट सरळ होते. पण वजन पुरेसे खाली असेल तरच. माणसे वरच्या डेकवर उभी राहिली की भार वर चढतो, आणि ही सावरण्याची ताकद घटते. अशा वेळी एका बाजूने पाणी आत आले की लोक घाबरून दुसरीकडे धावतात. (धावणार नाहीत तर काय करतील?) सगळा भार एका अंगाला आला, की कठडा पाण्याला टेकतो, आत शिरलेले पाणीही त्याच उताराला साचते, आणि एका मर्यादेपलीकडे पाण्याचा जोर बोटीला सावरण्याऐवजी पालथी घालू लागतो. मग तळ वर येतो आणि छताखालची माणसे आत अडकतात. मालवणकडच्या होड्यांना एका बाजूला आडव्या दांड्यांवर लाकडाचा ओंडका बांधतात, ती उलांडी याच भीतीपोटी. ‘रामदास’सारख्या प्रवासी बोटीला तशी सोय नसते. तिथे माणसे मोजूनच चढवावी लागतात. — संपा.