दोन अक्षरांचा हुकूम

पिंगळी हे परभणी आणि पूर्णा यांच्या मधले लहानसे रेल्वे स्थानक. रेल्वेच्या दप्तरात इथल्या परभणीला ‘पीबीएन’ म्हणतात, पूर्णेला ‘पीएयू’ आणि नांदेडला ‘एनईडी’. ही रीत तारेच्या काळातली. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर निजामाचा हैदराबाद-मनमाड मीटरगेज मार्ग झाला, तेव्हा रेल्वेचा कारभार तारयंत्राच्या कडकट्टावर चाले. प्रत्येक अक्षर बोटाने ठोकायचे, पलीकडच्याने कानाने टिपायचे. तिथे गावाचे अख्खे नाव कोण ठोकत बसणार?

संगणकाच्या काळ्या पडद्यावर आज्ञा टाकायला शिकणाऱ्या पोरांना पहिला प्रश्न पडतो तो असा: यादी हवी तर ‘एलएस’, नक्कल करायची तर ‘सीपी’, हलवायचे तर ‘एमव्ही’, पुसायचे तर ‘आरएम’. इतके तुटक का? उत्तर त्याच तारेच्या घराण्यात आहे.

तारेला पुढे टंकयंत्राचा कळफलक जोडला गेला आणि टेलिप्रिंटर जन्मला. एका गावात कळ दाबली की दुसऱ्या गावात अक्षर उमटे. सप्टेंबर १९४० मध्ये अमेरिकेत जॉर्ज स्टिबिट्झ यांनी या यंत्राच्या पलीकडच्या टोकाला माणसाऐवजी गणकयंत्र जोडले. हॅनोव्हरमधल्या डार्टमथ कॉलेजात बसून त्यांनी न्यूयॉर्कमधल्या यंत्राला गणित घातले आणि उत्तर कागदावर छापून आले. आज ज्याला टर्मिनल म्हणतो त्याचा हा मूळपुरुष.

दोन दशके त्याला फारसे काम मिळाले नाही. संगणक तेव्हा छिद्रांच्या कार्डांवर चाले. गठ्ठा द्यायचा आणि निकालाची वाट पाहत बसायचे. १९६१ मध्ये एमआयटीत फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायची व्यवस्था चालवून दाखवली. मग जो तो आपल्या यंत्रापुढे बसून थेट हुकूम सोडू लागला. असे हुकूम वाचून पार पाडणाऱ्या प्रोग्रामला ‘शेल’ हे नाव त्याच वर्तुळातल्या लुई पूझँ यांनी दिले.

१९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकाची कार्यप्रणाली रचायला घेतली. त्यांच्यासमोर होता टेलिटाइप मॉडेल ३३ हा टेलिप्रिंटर. त्याचा वेग सेकंदाला दहा अक्षरे, लिपी फक्त मोठी इंग्रजी, कळा जड. दहा अक्षरांची आज्ञा आणि तिचे चार ओळींचे उत्तर छापून होईपर्यंत माणूस ताटकळत राही. म्हणून नावे छाटली गेली. ‘एलएस’ची छाटणी तर युनिक्सच्या आधीच्या मल्टिक्स या प्रणालीतच झाली होती, तिथे ‘लिस्ट’ या आज्ञेचे हे आखूड रूप होते. नोव्हेंबर १९७१ मध्ये युनिक्सची पहिली हस्तपुस्तिका निघाली. तिच्यातल्या कितीतरी आज्ञा युनिक्सच्याच वळणाच्या आजच्या लिनक्समध्ये त्याच नावाने हजर आहेत.

अबोलपणाही इथलाच. नक्कल झाली तर ‘सीपी’ काही बोलत नाही. पुन्हा आज्ञेची खूण तेवढी दिसते. बोलते ते चुकले तरच. याला एक कारण कागद आणि वेळ वाचवण्याचे. दुसरे १९७३ मध्ये भर पडलेल्या ‘पाइप’चे. बेल लॅब्जमधल्याच डग मॅकिलरॉय यांच्या आग्रहाने एका आज्ञेचे उत्तर थेट दुसरीच्या तोंडी घालायची सोय झाली. आता पहिली आज्ञा ‘काम झाले बरं का’ म्हणत बसली, तर ते शब्दही दुसरीच्या गणतीत जायचे. या मौनाची किंमतही मोजावी लागते. ‘आरएम’ सहसा विचारत नाही, पुसून टाकते आणि गप्प राहते.

टेलिप्रिंटर गेले, पण त्यांची हाडे शिल्लक आहेत. लिनक्समध्ये ‘टीटीवाय’ अशी आज्ञा दिली की आपण कोणत्या टर्मिनलवर बसलो आहोत ते कळते. हे टेलिटाइपचेच लघुरूप. कंट्रोल आणि जी दाबून निघणारा संकेत मूळचा घंटीचा, पलीकडच्या माणसाला जागे करण्यासाठी. पुसण्याच्या संकेतात सातही बिट एक असतात. कागदी फितीवरचे चुकलेले अक्षर खोडायचे तर तिथली सगळी छिद्रे पाडणे एवढाच उपाय होता.

आपल्याकडे हा वंश पडद्याच्या रूपानेही आला. १९९४ मध्ये सिकंदराबादला रेल्वे आरक्षणाची ‘कॉन्सर्ट’ ही प्रणाली सुरू झाली. पिंगळीचा मार्ग सिकंदराबादलाच मुख्यालय असलेल्या दक्षिण मध्य रेल्वेत येतो. खिडकीमागचा कारकून अक्षरी टर्मिनलवर ‘पीबीएन’, सिकंदराबादचा ‘एससी’ असे संकेत टाकत असे. तारेने जन्माला घातलेली स्थानकांची नावे आणि तारेच्या वंशातले यंत्र असे एकत्र आले. पुढच्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने मुंबईसारख्या शहरांत इंटरनेट खुले केले. तेव्हा विद्यार्थ्यांना परवडे ते शेल खाते. चित्रे नाहीत, माउस नाही. पत्रसुद्धा कळफलकावरच्या हुकमांनी वाचायचे.

या सगळ्यात देवनागरीला जागा नव्हती. सात बिटांत इंग्रजीच जेमतेम मावे. कानपूरच्या आयआयटीत मोहन तांबे यांनी घडवलेले ‘जिस्ट’ तंत्र पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले आणि अक्षरी पडद्यावर भारतीय लिप्या उमटू लागल्या. १९९१ मध्ये भारतीय लिप्यांच्या आठ बिटी संकेतांना राष्ट्रीय मानक मिळाले, पण जगाचा मेळ त्याने बसला नाही. तो बसवला सप्टेंबर १९९२ मध्ये, न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदी चटईवर आराखडा मांडून. यूटीएफ-८ ही ती संकेतपद्धती. ती आखणारे दोघे म्हणजे रॉब पाइक आणि तेच केन थॉम्प्सन, ज्यांनी एकेकाळी फक्त मोठ्या इंग्रजी लिपीच्या यंत्रावर युनिक्स उभी केली होती.

यूटीएफ-८मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘यादी’ या शब्दात काना-वेलांटी धरून चार चिन्हे, म्हणजे बारा बाइट. मॉडेल ३३च्या वेगाने एवढ्याला सुमारे सव्वा सेकंद गेला असता. आजच्या यंत्राला तो खर्च जाणवतही नाही. आखूड नावांची सक्ती ज्या कारणाने झाली ते कारणच संपले आहे. आता शेलमध्ये ‘एलियास’ या आज्ञेने ‘एलएस’ला ‘यादी’ असे टोपणनाव देता येते, आणि पिंगळीच्या पोराने ‘यादी’ टाकले तरी यंत्र हुकूम पाळते. तरीही सवय झालेली बोटे ‘एलएस’कडेच वळतात. परभणीला ‘पीबीएन’ म्हणणाऱ्या रेल्वेसारखी त्यांनाही आता तेच नाव खरे वाटते.