ठेसन कापसाचं, वाट पायदळवाल्यांची

मेन लाइनच्या गाडीनं अमरावतीला यायचं, तर बहुतेक वेळा बडनेऱ्याला उतरावं लागतं. मग ऑटो, नाहीतर कोणाचा तरी भाऊ बाइक घेऊन उभा. ही भानगड 1867 पासूनची आहे. भुसावळ-नागपूर लोहमार्ग पूर्ण झाला, तेव्हा अमरावती दहाएक किलोमीटर बाजूलाच राहिली. बडनेऱ्याहून शहरात फाटा आला तो नंतर.

घाई होती कापसाची. अमेरिकेतल्या यादवी युद्धात (1861-65) मँचेस्टरच्या गिरण्यांचा माल अडला आणि इंग्रजांची नजर वऱ्हाडावर पडली. हिशोब गाठींचा झाला. ठेसनापर्यंत पायदळ कोण, कुठून येणार, हे कोण विचारतं?

आपली शकुंतलासुद्धा त्याच हिशोबातली. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, दुसरा यवतमाळला. मालक किलिक-निक्सनची ब्रिटिश कंपनी. मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिनं 1994 पर्यंत ओढलं! पण ही गाडी लोकांनी आपलीशी केली. चाल इतकी सावकाश, की रूळ ओलांडायची कोणाला धास्ती नव्हती. पुढं अनेक ठेसनांवर कर्मचारीच उरले नाहीत, तिकीटही गार्डच द्यायचा. शेवटी गाडी बंद पडली, तेव्हा ती वाचवायला गावकरी सत्याग्रहाला बसले.

मागणी आहे ब्रॉडगेजची, आणि ती रास्तच आहे. पण खरी गोम पुढं आहे. ब्रॉडगेजवरची बिनपहाऱ्याची फाटकं रेल्वेनं 2019 पर्यंत संपवली. अपघात टळले, चांगलंच झालं. मात्र फाटकाच्या जागी भुयारी रस्ता आला की पावसाळ्यात तिथं गुडघाभर पाणी, आणि शाळेतली पोरं अलीकडंच. त्या वाटेनं रोज जाणाऱ्या बाईला नकाशा काढण्याआधी विचारलं असतं, तर पाणी कुठून उतरतं हे तिनं बोट करून दाखवलं असतं.

विचारायची सोय कायद्यात नाही असं नाही. गावात ग्रामसभा आहे. शहरांसाठी महाराष्ट्रानं 2009 मध्ये क्षेत्रसभेची तरतूद केली: त्या भागातले मतदार बसून आपल्या गरजा सांगणार. अमरावती, अकोल्यातल्या किती जणांनी हे नावही ऐकलंय? शिवाय रूळ केंद्राचे, रस्ता पालिकेचा. पायदळवाला मधल्या मधे.

परळ-एल्फिन्स्टनचा अरुंद जिना रोज चढणाऱ्यांना धोका आधीच कळत होता. 29 सप्टेंबर 2017 ला तिथं 23 माणसं चेंगरून गेली. नवा पूल लष्करानं काही महिन्यांत उभा केला.

तुमच्या ठेसनापर्यंत पायदळ किती मिनिटं लागतात आणि मधे काय आडवं येतं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.