मालदीवमधील पुरातत्त्वविद्या

हिंदी महासागरातील सुमारे १,२०० प्रवाळबेटांच्या या राष्ट्रात पुरातत्त्वविद्येला अजून स्वतःचे पक्के घर मिळालेले नाही. देशाची एकूण जमीन जेमतेम ३०० चौ. किमी. आणि लोकसंख्या पाच लाखांच्या आसपास. वस्तीची बेटे दोनशेहून कमी असली तरी ती दूरवर विखुरलेली आहेत. त्यामुळे एका अवशेषाकडून दुसऱ्याकडे जायचे तर बोट काढावी लागते.

बाराव्या शतकात इस्लाम स्वीकारण्यापूर्वी येथे बौद्ध धर्म होता. त्या काळच्या स्तूपांच्या ढिगाऱ्यांना येथील धिवेही भाषेत ‘हविट्टा’ म्हणतात. सिलोनमधील ब्रिटिश अधिकारी एच. सी. पी. बेल १८७९, १९२० व १९२२ मध्ये येथे आले आणि त्यांनी या अवशेषांची पहिली पद्धतशीर पाहणी केली. त्यांचा मुख्य ग्रंथ मृत्यूनंतर, १९४० मध्ये, कोलंबोत छापला गेला. १९८०च्या दशकात नॉर्वेचे थॉर हायरडाल आले. प्राचीन सूर्यपूजक दर्यावर्दींविषयीचे त्यांचे तर्क गाजले, अभ्यासकांना मात्र पटले नाहीत. त्यानंतर पुरातत्त्वज्ञ एगिल मिकेल्सन यांनी १९९६ ते १९९८ या काळात काशिधू बेटावर बौद्ध विहाराचे उत्खनन केले. तेथे कवड्यांचा मोठा साठा सापडला. बंगालात चलन म्हणून वापरली जाणारी कवडी याच बेटांवरून जात असे, हे लक्षात घेता तो शोध मोलाचा ठरतो.

खरी अडचण दोन मोहिमांमधल्या रिकाम्या दशकांत आहे. पाहुणे परत जात, टिपणे त्यांच्याबरोबर जात आणि काम पुढे चालवणारा प्रशिक्षित माणूस बेटावर उरत नसे. दरम्यान ढिगाऱ्यांतील प्रवाळी दगड घरबांधणीला लागले. अड्डू प्रवाळद्वीपातील गन बेटावरचे अवशेष विमानतळाच्या कामात गेले. ७ फेब्रुवारी २०१२ रोजी जमावाने राजधानी मालेतील राष्ट्रीय संग्रहालयात शिरून इस्लामपूर्व मूर्तिसंग्रह जवळजवळ संपूर्ण फोडला. मोठ्या देशात एक मूर्ती गेली तरी तिच्या जातकुळीची दुसरी कुठेतरी असते. येथे हा संग्रह एकाच इमारतीत होता.

अलीकडे पाऊल पुढे पडले आहे. २०१८च्या सुमारास सुरू झालेल्या वारसा-सर्वेक्षणात मशिदी, कबरस्ताने व ढिगारे यांची लेझर यंत्राने मोजणी झाली. २०१९ मध्ये सांस्कृतिक वारशासाठी नवा कायदा आला. किनारे झिजत असल्याने काही कबरी व भिंती समुद्राच्या तोंडाशी आल्या आहेत. अशा ठिकाणी उत्खननाआधी नोंद करणे हेच पहिले काम आहे आणि त्यासाठी त्या बेटांवरच राहणारी माणसे तयार व्हायला हवीत.