पाठ टेकली की नाही?
(कुस्तीतल्या निकालांचा आपल्या भागातला इतिहास)

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने ‘शाळेची एखादी आठवण लिही’ असे सांगितले होते. आठवण लिहितोच, पण ती शेवटी येईल. निमित्त आहे आपल्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर २ फेब्रुवारी २०२५ च्या रात्री झालेल्या भांडणाचे. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीचा शेवटचा दिवस होता. रात्री दहापर्यंत ग्रुपवर दोन तट पडले, बारापर्यंत एकमेकांची जुनी उणीदुणी निघाली आणि सकाळी पाहतो तर आपले दोन जिवाभावाचे मित्र ग्रुप सोडून गेलेले. स्नेहमेळाव्यालाही येणार नाही, असा दोघांचा निरोप आला. पंचांच्या एका निर्णयावरून चाळीस वर्षांची मैत्री तुटावी, हे मला पटले नाही. म्हणून हा विषय जरा मुळापासून लिहायचे ठरवले.

आधी काय झाले ते थोडक्यात. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हींचे विजेते चांदीच्या गदेसाठी शेवटची कुस्ती खेळतात. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पृथ्वीराज मोहोळने डाव टाकला आणि शिवराज राक्षे चितपट झाल्याचा निर्णय पंचांनी दिला. राक्षेचे म्हणणे, आपली पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, व्हिडिओ पाहा. वाद वाढला, त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्यानंतरच्या किताबी लढतीत महेंद्र गायकवाड गुणाच्या निर्णयावर चिडून, शेवटची काही सेकंदे उरली असताना मैदान सोडून गेला आणि मोहोळ विजयी ठरला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. आपल्या जिल्ह्यातले भाळवणीचे दुहेरी महाराष्ट्र केसरी चंद्रहार पाटील पंचांवर इतके संतापले की त्यांनी स्वतःच्या गदा परत करण्याची घोषणा केली.

हे पहिल्यांदाच घडले असेही नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेत माती विभागाच्या शेवटच्या लढतीत महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला बाहेरली टांग मारली आणि पंचांनी चार गुण दिले. सिकंदर धोक्याच्या स्थितीत गेलाच नव्हता, चार गुण कसले, असा गदारोळ राज्यभर उठला. पंचांना धमकीचा फोन आला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. म्हणजे २०२३ मध्ये ज्याच्या बाजूने निर्णय गेला, तोच मल्ल २०२५ मध्ये निर्णयाविरुद्ध मैदान सोडून गेला. नीट पाहिले तर यात माणसांपेक्षा निकाल लावण्याच्या पद्धतीचा प्रश्न मोठा आहे.

आपल्या लहानपणी कुपवाड महापालिकेत नव्हते. एमआयडीसीचे भोंगे आणि यात्रेतली हलगी हे दोन्ही आवाज आपण एकाच कानाने ऐकले. यात्रेच्या मैदानात पंच कोण असायचे? पंचक्रोशीतले जुने पैलवान आणि वस्ताद. त्यांना सगळे ओळखायचे. कुस्ती निकाली असायची. गुण नाहीत, घड्याळ नाही, एकाची पाठ लागली की संपले. आणि पाठ लागल्याचा पुरावा पाठीवरच असायचा, कारण मातीत पडलेल्या माणसाच्या पाठीला माती लागते. दहा हजार माणसे तो पुरावा लांबून पाहू शकत. गादीवर पाठ टेकली तर पाठीला काहीच लागत नाही. पुरावा राहतो तो फक्त पंचांच्या डोळ्यांत. आजच्या सगळ्या वादाचे मूळ मला या साध्या फरकात दिसते.

पण जुने ते सगळे सोने होते, असे समजण्याचेही कारण नाही. मैदानातही ‘खांदा लागला, पाठ नाही’ म्हणून फड उठल्याचे आपण पाहिले आहे. तोडीस तोड जोड असली की तास-तासभर नुसती खडाखडी चालायची आणि शेवटी कमिटी कुस्ती बरोबरीत सोडवायची. महाराष्ट्र केसरी १९६१ साली सुरू झाली आणि पहिला मान सांगलीच्या दिनकर दह्यारींना मिळाला, हे आपण अभिमानाने सांगतो. पुढे काही वर्षी किताबी लढतीचा निकालच लागला नाही, गदा कोणालाच मिळाली नाही, हे मात्र सांगायचे विसरतो. वेळेची मर्यादा आणि गुण आले ते अशाच अडचणींतून.

गुणांच्या कुस्तीशी आपल्या भागाचा संबंध मात्र फार जुना आहे आणि त्यात पंचांच्या निर्णयांचाही वाटा आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले. मातीत वाढलेल्या या मल्लाला गादीची आणि तिथल्या नियमांची फारशी सवय नव्हती, तरी ते सहावे आले. पुढच्या ऑलिंपिकच्या निवडीच्या वेळी मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दासविरुद्ध आपल्याला मुद्दाम एक गुण कमी दिला, अशी त्यांची तक्रार होती. खाशाबांनी काय केले? कोणाची कॉलर धरली नाही. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी पुन्हा कुस्ती लावली आणि खाशाबांनी निरंजन दासला चीत केले. मग पैशांची अडचण आली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आपल्याला शाळेत सरांनी सांगितलेली आठवत असेल.

त्याच खाशाबांना १९५२ साली हेलसिंकीत उलटा अनुभव आला. जपानच्या शोहाची इशीबरोबरची दमवणारी लढत संपते न संपते तोच त्यांना रशियाच्या रशीद मम्मदबेयोवविरुद्ध उतरायला सांगितले गेले. दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी, असा नियम होता. पण तो नियम दाखवून भांडायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती लढत हरले. इशी सुवर्ण घेऊन गेला, मम्मदबेयोव रौप्य, आणि आपल्या खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या जन्मदिवशी, १५ जानेवारीला, आता राज्य क्रीडा दिन असतो. पण त्या दिवशी भाषणे करणाऱ्यांनी हेही सांगावे की मद्रासला दाद मागायला जागा होती म्हणून न्याय मिळाला आणि हेलसिंकीत बोलायला माणूस नव्हता म्हणून संधी गेली. दोन्हीकडे मल्ल एकच होता आणि ताकदही तीच होती.

‘गादी आपली नव्हे, गुण आपले नव्हेत’ असे ग्रुपवर त्या रात्री कोणीतरी लिहिले होते. त्याला उत्तर म्हणून १९६२ चे जाकार्ता एशियाड आठवावे. आपल्यापासून हाकेच्या अंतरावरच्या कवठेपिरानचे मारुती माने आणि शिराळ्याकडच्या पुनवतचे गणपतराव आंदळकर, दोघांनीही तिथून प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले. तेही गादीवर, परक्या पंचांसमोर आणि गुणांच्या नियमांत खेळून. पुढे मारुतीभाऊ १९६४ चे हिंदकेसरी झाले, आंदळकर त्याआधीच १९६० ला झाले होते. मातीतला मल्ल नियम शिकला की गादीवरही भारी पडतो, हे या दोघांनी साठ वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे.

मग नियम काय आहेत? आपल्यापैकी किती जणांनी ते वाचले आहेत? मीही त्या भांडणानंतरच वाचले. लढत तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. प्रतिस्पर्ध्याला रिंगणाबाहेर काढले तर एक गुण, खाली आणून ताबा घेतला तर दोन, उभ्याने उचलून पाठ गादीकडे होईल असे टाकले तर चार. कोथरूडचा वाद या दोन आणि चारमधल्या फरकाचाच होता. मल्ल पडताना त्याची पाठ कोणत्या कोनात होती, हे पंचांना क्षणात ठरवायचे असते. चीतसाठी दोन्ही खांदे एकाच वेळी टेकलेले आणि वरच्याचा पूर्ण ताबा पंचांना दिसेल इतका वेळ टिकलेला असावा लागतो. तीन माणसे असतात, गादीवरचे पंच, साईड पंच आणि मॅट चेअरमन. गुण देताना तिघांपैकी दोघांचे एकमत लागते. मल्लाच्या मार्गदर्शकाला गुणाच्या निर्णयावर आव्हान देता येते, मग व्हिडिओ पाहिला जातो. आव्हान चुकले तर समोरच्याला एक गुण मिळतो. म्हणजे मद्रासला खाशाबांना महाराजांपर्यंत जावे लागले, ती दाद मागायची सोय आज गादीच्या कडेलाच आहे.

तरीही भांडणे होतात, कारण विश्वास उरलेला नाही. कुस्ती संघटनेत गट पडले, एकाच वर्षात दोन ठिकाणी महाराष्ट्र केसरी भरू लागली. कोणती गदा खरी, हेच लोकांना कळेना. अशा वेळी पंच कितीही प्रामाणिक असला तरी तो ‘कोणाचा तरी माणूस’ ठरतो. यावर उपाय लाथेत नाही, तसा नुसत्या बंदीतही नाही. मोठा निर्णय दिल्यावर तो मोठ्या पडद्यावर दाखवावा, का दिला ते माइकवरून दोन वाक्यांत सांगावे. मातीच्या मैदानात पाठीवरची माती सगळ्यांना दिसायची, तसे गादीवरचे कारण सगळ्यांना दिसले पाहिजे. आणि पंचांना संरक्षण व बरे मानधन मिळाले पाहिजे. शिव्या खायला कोण पुढे येईल?

कुस्तीचा दर्जा घसरला, अशीही तक्रार त्या रात्री झाली. ती मला अर्धीच पटते. गुणांची आघाडी घेऊन शेवटची दोन मिनिटे नुसते हात झटकत काढणारे मल्ल आहेत, हे खरे. पण नोव्हेंबर २०२३ ला फुलगावच्या स्पर्धेत सिकंदर शेखने राक्षेला झोळी डावावर पहिल्या मिनिटाच्या आतच चीत केले, त्यावर कोणाला ब्र काढता आला नाही. त्याच वर्षी मार्चमध्ये पहिली महिला महाराष्ट्र केसरी आपल्या सांगलीत झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. आपल्या वर्गातल्या मुलींना आखाड्याजवळ उभेही राहू देत नव्हते, हे आठवा. डाव स्वच्छ लागला की पंचांना फार काही ठरवावे लागत नाही. वाद होतो तो अर्धवट लागलेल्या डावांवर.

आता कबूल केलेली आठवण. आपण नववीत होतो. तालुका स्पर्धेत आपल्या वर्गातला मल्ल शेवटच्या लढतीला उभा होता. आपण तीस-पस्तीस पोरे सायकली काढून गेलो होतो. शेवटच्या क्षणी तो खाली गेला, पंचांनी शिट्टी मारली आणि समोरच्याचा हात वर केला. आपण ज्या बाजूला होतो तिथून त्याचा डावा खांदा स्पष्ट वर दिसत होता. आपण आरडाओरडा केला, चपला फेकल्या. त्या पंचांना पाठीमागच्या बाजूने, सायकल हातात धरून निघून जावे लागले. चपला फेकणाऱ्यांत मी होतो.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर खेळाच्या सरांनी आपल्याला मैदानावर नेले. त्यांनी कोणाला मारले नाही. दोन पोरांना तशाच स्थितीत आडवे केले आणि आपल्याला आधी एका बाजूला, मग पलीकडच्या बाजूला उभे केले. एका बाजूने खांदा वर दिसत होता, दुसऱ्या बाजूने दोन्ही खांदे खाली. “काल मी या बाजूला होतो,” सर एवढेच म्हणाले. तेव्हा आपला मल्ल मान खाली घालून बोलला, “टेकली होती सर. मला कळलं होतं.” त्यानंतर सरांनी आपल्याला त्या पंचांच्या घरी नेले. त्यांनी सगळ्यांना गूळ-शेंगदाणे दिले आणि आदल्या दिवसाबद्दल एक शब्द काढला नाही. माझी मान आजही खाली जाते ती त्या गूळ-शेंगदाण्यांच्या आठवणीने.

अहिल्यानगरला पाठ टेकली होती की नव्हती, हे मी सांगू शकत नाही आणि ग्रुपवरचे कोणीही सांगू शकत नाही. आपण सगळे एकाच कॅमेऱ्याच्या बाजूला बसलो होतो. पंच चुकतात, खाशाबांच्या वेळीही चुकले असतील. चुकले तर दाद मागावी, नियम दाखवावा आणि पुन्हा कुस्ती लावायला सांगावी. पण पलीकडच्या बाजूला जाऊन एकदा पाहावे, ही सरांची शिकवण आधी.

ग्रुप सोडलेल्या आमच्या दोन्ही मित्रांनो, त्या सकाळी मैदानावर तुम्ही दोघेही माझ्या शेजारी उभे होता. तुमच्यापैकी एक तर तेव्हा खाली आडवा झालेला होता. मेळाव्याला या. वाद पुन्हा घालू, पण समोरासमोर, आणि गूळ-शेंगदाणे मी आणतो.